कल्याणच्या डॉ. आनंदीबाई : धैर्य आणि शरीराचा हिशेब

लेखक : एक शिक्षक, बी.ए., बी.एड., विठ्ठलवाडी



आपल्या विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ रूळ ओलांडणारी माणसे आपण नेहमी पाहतो. असे करू नये हे प्रत्येकाला ठाऊक असते, पण घाई माणसाला तेथे नेतेच. अशा वेळी अचानक गाडीचा कर्कश भोंगा वाजला तर काय होते, ते आठवून पाहा. विचार करण्याच्या आत पाय मागे उडी घेतात. सुरक्षित जागी आल्यावर मग ध्यानात येते की छाती धडधडत आहे, तोंडाला कोरड पडली आहे, तळहात घामेजले आहेत आणि गुडघे लटपटत आहेत. थोड्या वेळाने सारे शांत होते. घरी जाऊन आपण चहा घेतो आणि ती गोष्ट विसरूनही जातो.

ती उडी आपण घेतली असे आपल्याला वाटते. खरे पाहता ती आपल्या शरीराने घेतलेली असते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डोळ्यांनी वा कानांनी धोका टिपला की मेंदू चेतातंतूंमार्फत या ग्रंथींना तत्काळ इशारा देतो आणि त्या अ‍ॅड्रिनलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याबरोबर हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पोटाकडचे व त्वचेकडचे रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते. म्हणूनच भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो आणि त्याला अन्न गोड लागत नाही. जखम झालीच तर रक्त लवकर गोठावे, अशीही तजवीज होते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर कॅनन यांनी या विषयाचा पाया घातला. क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर शांत असले की जठर नीट चाले, ते भेदरले वा चिडले की जठराची हालचाल थांबे. पुढे १९१५ साली त्यांनी आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. धोका समोर आला की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, असे त्यांच्या विवेचनाचे सार होय. कित्येकदा प्राणी लढतही नाही व पळतही नाही, जागच्या जागी थिजतो, हेही पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले.

येथवर सर्व ठीक आहे. निसर्गाने ही व्यवस्था आपल्या रक्षणासाठी केलेली आहे आणि ती थोड्या वेळापुरती आहे. परंतु वाचकहो, तो भोंगा थांबलाच नाही तर? दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष वाजतच राहिला तर शरीर काय करील? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विठ्ठलवाडीहून गाडीत बसलो की पुढचेच स्टेशन कल्याण. त्या कल्याणातील पारनाक्यावरच्या जोशी घराण्यातील एका मुलीचे चरित्र आज मी आपणांपुढे ठेवीत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांच्या धैर्याचे गुणगान आपण शाळेत करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याची किंमत त्यांच्या शरीराने कशी मोजली, हा धडा आपण सहसा शिकवीत नाही.

बालपण

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे जमीनजुमल्याचे, पण पूर्वीचे वैभव ओसरत चाललेले. वडिलांचा मुलीवर जीव होता. आईचा हात मात्र कडक होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस होते. ते विधुर होते आणि वयाने तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. पत्नीला शिकवीन हा त्यांचा निर्धार होता. ज्या काळी बायकोने हाती पुस्तक धरले तर घरात सुतक पडल्यासारखे होई, त्या काळी हा माणूस बायकोने पुस्तक खाली ठेवले म्हणून रागावत असे. त्यांच्यावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांची शिकविण्याची रीत भयंकर होती. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी बालपणी सोसलेल्या माराचा उल्लेख केला आहे. दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सर्व त्यांना हजारो मैलांवर आणि इतक्या वर्षांनंतरही लख्ख आठवत होते.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. ज्या लहान मुलीला आज कशावरून मार बसेल हे आधी कळत नाही, तिच्या शरीरात काय चालते? रुळावरच्या माणसाला भोंगा एकदाच ऐकू येतो. तिला तो रोज संध्याकाळी, पावलांचा आवाज आला की ऐकू येतो. अशा वेळी शरीराची दुसरी फळी कामाला लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना निरोप पाठविते आणि त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. अ‍ॅड्रिनलिन हे ठिणगीसारखे, तर कॉर्टिसॉल हे धुमसणाऱ्या शेगडीसारखे. ते रक्तातील साखर टिकवून धरते, शरीराला दीर्घ मुकाबल्यासाठी सज्ज ठेवते आणि ज्या कामांची तूर्त निकड नाही ती मागे ढकलते. अन्नपचन, वाढ, शांत झोप आणि रोगांशी झुंजण्याची तयारी ही ती मागे पडलेली कामे होत. धोका टळला की मेंदू ही शेगडी विझवतो. धोका टळलाच नाही तर ती धुमसत राहते.

मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून येथे एक कबुली देणे माझे कर्तव्य आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाला मी फळ्याजवळ उभे करून सतराचा पाढा म्हणावयास सांगितले. माझ्या हातात पट्टी होती. सतरा त्रिक एक्कावन्नच्या पुढे त्याची गाडी जाईना. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. मी त्याला आळशी ठरविले आणि पट्टी वापरली. मधल्या सुट्टीत त्याच मुलाने तोच पाढा मित्रांना खेळताखेळता बिनचूक म्हणून दाखविला, तो मी दारामागून ऐकला. पाढा त्याला येत होता. माझ्या हातातील पट्टी पाहून त्याचे शरीर थिजले होते. धोका समोर असताना मेंदू जीव वाचविण्याच्या कामात गुंततो आणि आठवण्याचे, विचार करण्याचे काम त्याच्या हातून सुटते. भीतीने मूल पाठ करते, पण भीतीनेच ऐन वेळी विसरतेही. त्या दिवसापासून पट्टी मी फक्त रेघा मारण्यासाठी वापरतो.

दहा दिवसांचे बाळ

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो केवळ दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही खंत त्या कोवळ्या आईच्या मनात घर करून राहिली. पुरुष डॉक्टरकडे जाण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर आपल्याकडे नव्हत्याच. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, हा त्यांचा निश्चय या दुःखातून जन्मला.

दुःख हाही शरीराच्या लेखी एक आघातच असतो. मन फार दुखावले की झोप उडते, भूक मरते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. आपल्या आया-बहिणी याला जीव तुटणे म्हणतात, ते उगीच नव्हे. आनंदीबाईंच्या ठायी विशेष हा, की त्यांनी त्या दुःखाला वाट करून दिली. नुसते सोसत राहणे आणि एखाद्या हेतूसाठी सोसणे यांत फरक आहे. हेतू असलेला माणूस अधिक काळ तग धरतो. पण तग धरणे म्हणजे झीज न होणे नव्हे, हे पुढील हकिगतीवरून दिसेल.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी बिऱ्हाडे झाली. मुंबईत हाती पुस्तके घेऊन शाळेत जाणाऱ्या या तरुण स्त्रीला पाहण्यासाठी लोक खिडक्यांतून डोकावत, रस्त्यात थांबून हसत, तिला ऐकू जाईल अशा बेताने टोमणे मारीत. परक्या कलकत्त्यातही हीच तऱ्हा. जमावाची कुचेष्टा हा शरीराच्या दृष्टीने खराखुरा धोका असतो. वाघ समोर नसला तरी हृदय तसेच धडधडते, कारण माणूस हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि कळपाबाहेर टाकले जाणे त्याला जिवावरचेच वाटते.

कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, वरचेवर डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अशा तक्रारी रोगाच्या असोत वा दीर्घ ताणाच्या, ते शरीराने धाडलेले पत्रच असते. ते उघडून वाचावयास त्या घरी कोणास सवड नव्हती.

अमेरिकेची वाट

इकडे गोपाळरावांनी १८८० साली एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. तो पत्रव्यवहार तेथील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती ते मासिक दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता पडले. त्यांचे मन द्रवले व त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा स्नेह पत्रांतून वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. आनंदीबाईंच्या आजाराचे कळताच या मावशीने अमेरिकेहून औषधेही धाडली, पण गुण आला नाही.

परदेशी जाण्याचे ठरताच समाजात गदारोळ उठला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, म्हणजे बंगालमधील श्रीरामपुरात, आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. आपण अमेरिकेस का जात आहोत, भारतात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्यांनी एकेक प्रश्न घेऊन शांतपणे समजावून सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाहीही दिली.

विद्यार्थी मित्रांनो, वक्तृत्वस्पर्धेत उभे राहताना तुमचे पाय कापतात, म्हणून तुम्ही स्वतःला भित्रे समजता. आनंदीबाईंचे हृदय त्या दिवशी धडधडले नसेल असे समजू नका. धैर्य म्हणजे धडधड नसणे नव्हे. धडधडत असतानाही जे बोलायचे ते बोलणे, याला धैर्य म्हणतात. थोड्या वेळेपुरता आलेला असा ताण शरीराला अपाय करीत नाही, उलट लक्ष एकाग्र करतो. परीक्षेच्या पहिल्या पाच मिनिटांची धाकधूक ही शरीराने केलेली तयारी समजा.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती बरोबर नव्हते. प्रकृती ठीक नसताना, परक्या स्त्रियांच्या सोबतीने, सुमारे दोन महिन्यांचा सागरप्रवास करून ४ जून रोजी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांना नेण्यासाठी आल्या होत्या.

रोझेल येथील तो उन्हाळा हा त्यांच्या आयुष्यातील सुखाचा काळ ठरला. तेथे मार नव्हता, टोमणे नव्हते. प्रेमाने जेवू घालणारी, बोलणारी, ऐकणारी माणसे होती. यालाही शरीरशास्त्राचा आधार आहे. धोक्याच्या यंत्रणेच्या जोडीला शरीरात विश्रांतीची यंत्रणाही असते. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे व जठर यांपर्यंत जाणाऱ्या वेगस नावाच्या चेतेमार्फत ती काम करते. ठोके मंदावतात, श्वास खोल होतो, अन्न पचू लागते. ही यंत्रणा हुकमाने सुरू होत नाही. आपण सुरक्षित आहोत अशी खात्री शरीराला पटावी लागते आणि विश्वासाचे माणूस जवळ असणे ही त्याच्या लेखी सर्वांत मोठी खात्री होय. घाबरलेले तान्हे मूल आईने छातीशी धरताच शांत होते, ते याच कारणाने.

फिलाडेल्फियाची थंडी

त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. तेथील प्रमुख रेचल बॉडली या त्यांच्यावर माया करीत. तरीही दिवस कष्टाचे होते. हाडे गोठविणारी थंडी, राहत्या खोलीतील नीट न चालणारी शेगडी, ती पेटविली तर धूर आणि न पेटविली तर गारठा. शाकाहाराचे व्रत पाळायचे तर पोटभर मिळेल असे अन्न नाही. नऊवारी नेसण्याने थंडीपासून नीट बचाव होईना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली, तर तेवढ्यावरूनही पतीची मर्जी राखण्याची चिंता. गोपाळरावांची भारतातून येणारी पत्रे पुष्कळदा बोचरी असत. आणि या सर्वांवर अभ्यासाचा डोंगर.

कॅनननंतर या विषयात मोलाची भर घातली ती हान्स सेल्ये यांनी. कॅनडातील माँट्रियल येथे काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, विष असे निरनिराळे त्रास देऊन पाहिले. त्रास वेगळे, पण शरीरात होणारे बदल बऱ्याच अंशी एकच : अधिवृक्क ग्रंथी सुजत, रोगप्रतिकाराशी संबंधित असलेली छातीतील थायमस ग्रंथी आक्रसे, जठरात व्रण पडत. १९३६ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घ ताणाच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली धोक्याच्या घंटेची, दुसरी तग धरण्याची, तिसरी थकून कोसळण्याची.

यांतील दुसरी पायरी सर्वांत फसवी असते. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. काम करतो, हसतो, परीक्षा देतो. आत मात्र ठेव मोडून खर्च चाललेला असतो. आनंदीबाईंनी असा तग धरून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. ही पदवी मिळविली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम देऊ केले. कल्याणच्या मुलीने जगाला तोंडात बोट घालावयास लावले. पदवी मिळाली तेव्हा वय एकवीसही पूर्ण नव्हते.

पण याच काळात क्षयाने त्यांना गाठले होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क्षय ताणामुळे होत नाही, तो जंतूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी हा जंतू जगापुढे आणला. परंतु जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग होतोच असे नाही. असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर पहारा देत असते. अपुरे अन्न, अपुरी झोप, अतिश्रम, दुसरा आजार यांनी पहारेकरी थकला की जंतू उठतो. कॉर्टिसॉलच्या जातीची औषधे फार दिवस घ्यावी लागणाऱ्या रोग्यांत क्षय डोके वर काढू शकतो, म्हणून डॉक्टर त्यांच्याकडे विशेष लक्ष देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकण्यात आले. ज्यांच्या जीवनात ताण अधिक होता, त्यांना लागण होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. विषाणू सर्वांच्याच नाकात टाकले होते. पहारा सारखा नव्हता.

१८८६ च्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची वाट पाहणाऱ्या स्त्रियांपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बावीसावे वर्ष पूर्ण होण्यास महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले गुणकारी औषध १९४३ साली सापडले. ते येण्यास अजून छप्पन्न वर्षे अवकाश होता.

आपण काय घ्यावे

वाचकहो, आनंदीबाईंच्या चरित्रावर श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली आनंदी गोपाळ ही कादंबरी लिहिली, २०१९ साली चित्रपट निघाला, शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. परंतु त्यांचे खरे स्मरण आपल्या घरात व वर्गात व्हावयास हवे.

पालकांस माझी पहिली विनंती अशी, की मुलाला धाक असावा हे आपले मत असेल, पण घर ही त्याच्यासाठी धोक्याची जागा होऊ देऊ नका. मूल शाळेत, रस्त्यात, गर्दीच्या लोकलमध्ये दिवसभर लहानमोठे भोंगे ऐकतच असते. घराचा उंबरठा ओलांडल्यावर तरी त्याच्या शरीराला वाटले पाहिजे, की गाडी निघून गेली, आता भय नाही. गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या मुलाच्या पोटात रस्ताभर कळ येत असेल, तर ते पोटाचे दुखणे नव्हे. तो तुमच्या दारावरचा भोंगा आहे. गोपाळरावांची तळमळ खरी होती आणि आनंदीबाईंनी ती ओळखलीही होती. पण त्यांना मार आयुष्यभर आठवला. शिक्षणाची ओढ मुळातच असलेल्या त्या मुलीला माराची गरजच नव्हती, असे मला मनापासून वाटते.

दुसरी विनंती, शरीराची पत्रे वाचत जा. मुलीला वरचेवर डोके दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, तर अभ्यास टाळण्याचे सोंग म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग शांतपणे विचारा की मन कशात अडकले आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाचे उपचार तेथे मोफत मिळतात आणि औषधे नेमाने पूर्ण घेतली तर रोग बरा होतो. हे लपविण्याचे दुखणे नव्हे, लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. आनंदीबाईंना जे औषध मिळाले नाही ते आपल्या मुलीला शरमेपोटी न मिळणे, यासारखा दैवदुर्विलास नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. परीक्षेच्या आधी रात्र जागवू नका, कारण वाचलेले मनात पक्के होते ते झोपेत. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर सारे विसरल्यासारखे वाटले, तर लेखणी खाली ठेवा. सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. पाच-सहा वेळा असे करा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला कळते की वाघ आलेला नाही, केवळ गणिताचा पेपर आला आहे. आणि मनावर ओझे असेल तर एका तरी मोठ्या माणसाशी बोला. अब्बांशी बोलता येत नसेल तर अम्मीशी बोला, आपाशी बोला, आपल्या शिक्षकांशी बोला. आनंदीबाईंना आपली मावशी सातासमुद्रापलीकडे शोधावी लागली होती. तुमची तुम्हांला घराशेजारीच भेटेल.

पारनाक्यावरच्या त्या मुलीपाशी बुद्धी होती, जिद्द होती, हेतू होता. तिला कमी पडली ती निवांतपणा देणारी माणसे, पोटभर अन्न आणि थोडी वर्षे. आपल्या मुलामुलींपाशीही बुद्धी आणि जिद्द आहे, हे मी रोज वर्गात पाहतो. बाकीच्या तीन गोष्टी देणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. त्या आपण देऊ या. मग या कल्याण-विठ्ठलवाडीच्या परिसरातून निघालेली एखादी आनंदी डॉक्टर होऊन केवळ परत येणार नाही, तर इस्पितळात रुजू होईल आणि म्हातारी होईपर्यंत रोग्यांची नाडी पाहत राहील.